लाल दोऱ्याचं शिराळं

माझी जीभ चोखंदळ आहे, असं मी गेली वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. लोकांनीही ते मान्य केलं, कारण मान्य न करणाऱ्याला मी पुढच्या जेवणात पुन्हा सांगतो. नात्यात कुठलंही कार्य असो, मी पहिला घास घेतला की यजमान माझ्या तोंडाकडे बघतात. नवीन हॉटेल निघालं की मी जातो, खातो आणि फोनवर तारे देतो. पाच तारे मी आयुष्यात दोनदाच दिलेत. अडीच देता येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अशा या जिभेवर गेल्या पावसाळ्यात एक बियाणं अवलंबून होतं. शिराळ्याचं. शिराळं म्हणजे घाटावरचा दोडका. सांडोरच्या एका वाडीत वर्षानुवर्षं राखलेलं ते बी पुढच्या वर्षी मातीत जाणार की उकिरड्यावर, हे माझ्या एका शब्दावर ठरणार होतं. मी तो शब्द दिला. खाऊन दिला असता तर बरं झालं असतं.

आम्ही राहतो नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, आचोळ्यात, चौथ्या मजल्यावर. आमच्या खिडकीतून हिरवं असं एकच दिसतं, समोरच्या इमारतीला रंगकामासाठी लावलेलं जाळीचं कापड. बायकोचं माहेर सांडोरचं. म्हणजे एक रिक्षा, मग पुलापलीकडे दुसरी रिक्षा, आणि तासाभरात आपण केळीच्या बागेत. सासऱ्यांची तिथं वाडी आहे. केळी, अळू, पडवळ, वांगी, थोडी फुलं, आणि एका कडेला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मेहुणा आखातात. तेव्हापासून सासरे एकटेच वाडी करतात.

त्यांना मी मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात आणि अहो-जाहो करतात. घरात त्यांची बोली वेगळी आहे. लेकीशी बोलायला लागले की मला निम्मं कळत नाही. ‘खरा हांग,’ असं ते तिला दर दोन वाक्यांनी म्हणतात, म्हणजे खरं सांग. माझ्याशी मात्र ते शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलतात, पाहुण्यांसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या कपबशीसारखी. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण माझ्यासाठी रोजच्या वापरातला कप काही निघाला नव्हता.

दर बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला मामा भाजीची पिशवी घेऊन येत. बुधवारी मी घरून काम करतो. बायको नर्स आहे, ती सहालाच बाहेर पडते आणि संध्याकाळी येते. लेकीला भेटायचं तर माणूस रविवारी येईल, हे बुधवारीच का येतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला वाटायचं, वय झालं, वार लक्षात राहत नसतील.

पिशवीत काय नसायचं! माती असायची, वाळलेली पानं असायची, भाजीला लागून आलेल्या अळ्या असायच्या. वांगी एकमेकांशी भांडल्यासारखी वाकडी. अळूच्या पानांना भोकं. एकदा एक गोगलगाय निघाली. ती मात्र ताजी होती, हे मी तेव्हाही मान्य केलं.

माझी भाजी यायची अ‍ॅपवरून, दहा मिनिटांत. धुतलेली, पुसलेली, थर्माकोलच्या ताटलीत निजवून वर प्लॅस्टिकची चादर ओढलेली. प्रत्येक पाकिटावर हिरव्यागार शेताचं चित्र आणि खाली ‘फार्म फ्रेश’. कुठलं फार्म आणि केव्हाचं फ्रेश, हे विचारायचा गावंढळपणा मी केला नाही. त्यात माझी लाडकी झुकिनी. झुकिनी म्हणजे शिराळ्याची परदेशात शिकून आलेली चुलतबहीण. तिला चव नसते, पण ती नसलेली चव फार वरच्या दर्जाची असते. मी तिच्या शेवया करून त्यावर चीज किसायचो, फोटो काढायचो आणि मग बायकोला वाढायचो. ती निमूट खायची. दिवसभर वॉर्डात उभं राहिलेलं माणूस पुढ्यात येईल ते खातं. मी ते कौतुक समजायचो.

मामांची पिशवी मग समोरच्या दारात जायची. समोरच्या बाई घरातून जेवणाचे डबे करतात. साताऱ्याकडच्या. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावजी म्हणतात. मामांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला की मी सगळी पिशवी त्यांच्याकडे रिकामी करायचो. ‘बाबांनी काय आणलेलं?’ असं बायकोनं संध्याकाळी विचारलं, तर सांगायचो, ‘शिराळी. दुपारी केली आणि संपवली.’ शेजारधर्म झाला, सासऱ्यांचा मान राहिला आणि ओटाही स्वच्छ राहिला. एका दगडात दोन पक्षी मारणारे पुष्कळ असतात. मी तीन मारत होतो.

जुलैच्या शेवटच्या बुधवारी मामांनी पिशवीतून शिराळ्यांच्या दोन जुड्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद, माईक बंद, कान चालू, तोही एकच.

“जावईबापू,” मामा म्हणाले, “बाजारात दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं, शिराळं कडू निघालं. या वर्षी माझ्याकडे दोन वेल आहेत. एकाचं लाल, एकाचं पांढरं. तुम्ही वेगवेगळं शिजवा, खा आणि मला सांगा. जे गोड त्याचं बी राखीन. दुसरा वेल काढून टाकीन.”

मी मान हलवली. त्याच वेळी मीटिंगमध्ये कोणीतरी काहीतरी विचारलं म्हणून माईक सुरू करून ‘नक्की, नक्की’ म्हणालो. मामांना वाटलं, ते त्यांच्यासाठी आहे. साहेबांनाही तसंच वाटलं. दोघंही समाधानानं पुढे गेले.

त्यांच्याकडे ही जुनी रीत आहे, हे बायकोकडून मी कधीतरी ऐकलं होतं. प्रत्येक वेलाचं पहिलं फळ वेगळं शिजवायचं. पुरुषानं वेल वाढवायचा आणि चव बाईनं घ्यायची. तिनं बोट दाखवलं की त्या वेलावर एक फळ न तोडता तसंच वाळू द्यायचं आणि त्यातलं बी पुढच्या वर्षाला ठेवायचं. सासूबाई होत्या तोवर त्यांचं बोट होतं. आता ते काम माझ्या जिभेकडे आलं होतं. आणि माझी जीभ झुकिनीत गुंतली होती.

पुढच्या बुधवारी मामांनी दारातच विचारलं, “कसं होतं?”

“छान.”

“लाल की पांढरं?”

लाल दोरा ठसठशीत होता, म्हणून तो आधी आठवला. “लाल,” मी म्हणालो.

मामांनी पिशवी जमिनीवर ठेवली. “पांढरं कडू होतं का?”

आता इथं गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षांची सवय. “कडू असं नाही, मामा. पण लालमध्ये एक गोडवा आहे. घास गिळल्यावर मागून येतो तो. पांढरं त्या मानानं सपाट वाटलं.”

मामांनी मान हलवली आणि जमिनीकडे पाहत चहा संपवला. मला वाटलं, माझ्या वर्णनशैलीनं भारावले. त्यानंतरचे तीन बुधवार हेच झालं. ते विचारत, मी लाल म्हणत असे. खोटं बोलणाऱ्यानं एकाच खोट्याला धरून राहावं, एवढी अक्कल मला होती. दर वेळी ते थोडे जास्त गप्प होत. दर वेळी मी गोडव्याचं वर्णन थोडं वाढवी.

पाचव्या बुधवारी आचोळ्याच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. आमच्याकडे हे दरवर्षीचं आहे, आम्ही त्याला पूर म्हणत नाही. खालच्या दुकानदारांनी शटरपुढे विटा रचल्या आणि पुन्हा कॅरम मांडला. माझ्या अ‍ॅपनं मात्र हाय खाल्ली. ‘आपल्या भागात सध्या सेवा उपलब्ध नाही,’ असं लिहून खाली एक रडणारा चेहरा काढून दिला. दहा मिनिटांत जगाच्या पाठीवरून काहीही आणणारी ती यंत्रणा दोन वीत पाण्यात बुडाली.

आणि नऊ वाजता बेल वाजली. दारात मामा. पायजमा मांडीपर्यंत दुमडलेला, डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पिशवी, चपला हातात.

“अहो मामा, या पाण्यातून?” मी ओरडलो.

“आज विचारायलाच आलो,” ते म्हणाले. “वांग्याची रोपं तयार झाली. जागा हवी. उद्या सकाळी एक वेल काढतो. शेवटचं सांगा. लालच ना?”

मला मीटिंगची घाई होती. “लाल. डोळे झाकून लाल.”

“पांढरा काढू?”

“बिनधास्त काढा.”

मी घाईघाईनं चहा टाकला. मामा चहा पिऊन, कप उपडा ठेवून निघून गेले. त्यानंतर मी माझा कप तोंडाला लावला आणि बेसिनमध्ये थुंकलो. साखर घालायचीच राहिली होती. मामांनी त्याच पातेल्यातला चहा चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता संपवला होता. मी मनात म्हटलं, सोडली असेल साखर.

पिशवी नेहमीप्रमाणे समोर गेली. वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमचं एक पातेलं तीन आठवडं झालं माझ्याकडं अडकलंय. रिकामं कसं देऊ? डब्यातनं काय उरतच नाय.”

मी म्हणालो, असू द्या. कोणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यापायी निम्म्या महाराष्ट्राची पातेली दुसऱ्याच्या घरात आहेत.

त्या दिवशी मात्र उरलं. पाण्यामुळे डबे न्यायला कोणी आलं नाही. एक वाजता वहिनी पातेलं घेऊन दारात उभ्या. माझ्या फ्रिजमध्ये तेव्हा पाव होता आणि एक नऊ दिवसांची झुकिनी. झुकिनी पहिल्या दिवशी होती तशीच होती. तिच्यात बिघडण्यासारखंच काही नव्हतं.

पातेल्यात शिराळ्याची भाजी होती. हरभऱ्याची डाळ, वर थोडं ओलं खोबरं, बस. मसाला म्हणावा असं काही नाही. मी पावाचा तुकडा तोडला आणि एक घास घेतला, तोही टीका करायच्या तयारीनं.

टीका सुचली नाही. शिराळं दातांखाली आलं आणि पाणी सुटलं, गोड, हिरव्या वासाचं, जमिनीजवळचं. हे शिराळं त्या दिवशी पहाटे वेलावर होतं आणि एक वाजता माझ्या तोंडात. मधे फक्त एक म्हातारा माणूस आणि गुडघाभर पाणी. मी दुसरा घास घेतला. मग पाव बाजूला ठेवून चमच्यानं खाल्लं, आणि शेवटी पातेलं बोटानं पुसलं. वीस वर्षं मी ज्याला चव म्हणत होतो, ती मीठ, चीज आणि माझं स्वतःचं बोलणं यांची चव होती. हे मला त्या पातेल्याच्या बुडाशी कळलं आणि लाजही वाटली. पण आधी भूक, मग लाज. म्हणून पातेलं घेऊन मी समोर धावलो.

“वहिनी, ही शिराळी कुठून आणली? मला पत्ता द्या.”

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बायको पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहते. “आवं भावजी, तुमचीच की! सकाळीच न्हाई का दिली?”

मी हातातल्या पातेल्यात पुन्हा पाहिलं.

“लई गुणाची भाजी हाय बगा तुमच्या सासऱ्यांची,” त्या म्हणाल्या. “माझं डबेवालं गिऱ्हाईक बुधवारची वाट बगतंय. फकस्त ते लाल दोऱ्याचं तेवढं मी डब्यात न्हाई घालत. आदी कापून जिभेला लावून बगते. कडवट लागतंय. पांढऱ्याचं साखर. मला वाटलं, सावध राहावं म्हणून लाल दोरा बांधत असतील.”

पाच बुधवार. पाचही बुधवार या बाईनं ते काम चोख केलं होतं, जे माझ्याकडे दिलं होतं. आणि मी उत्तरं देत होतो, तेही वर्णनासकट.

मामांना फोन लावला. बंद. एकदा त्यांचा फोन भिजला होता, तो तांदळात ठेवल्यावर सुरू झाला. तेव्हापासून पाऊस लागला की ते फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवतात. सांडोरला त्यावेळी फोन तांदळात होता आणि इथं मी पाण्यात. बायको हॉस्पिटलमध्येच अडकली होती, दुसरी पाळी करून सकाळी येणार होती. तिला सांगायचं तर काय सांगायचं, हाही प्रश्न होता. संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. एक भाजी ती काय आणि तिचं बी ते काय. पण जीभ ऐकेना. खरं सांगतो, मला बियाण्याची काळजी नव्हती. मला पुढच्या बुधवारची होती.

सकाळी उजाडताच निघालो. पाणी ओसरलं होतं, रिक्षा मिळाली. सांडोरला पोचलो तेव्हा मामा बावखलाच्या पायरीवर बसून कोयता धूत होते.

वेल काढलेला होता. मांडवाचा निम्मा भाग मोकळा झाला होता आणि खाली हिरव्या दांड्यांचा ढीग पडला होता. पानं अजून टवटवीत होती, त्यांना बातमी पोचली नव्हती.

“मामा,” मी म्हणालो, “मी ते शिराळं खाल्लंच नव्हतं.”

त्यांना वाटलं, कालचं म्हणतोय. “असू द्या, आज खा.”

“कालचंच नाही. एकदाही नाही. सगळं समोरच्या वहिनींना देत होतो. काल त्यांनी भाजी करून दिली, तेव्हा पहिल्यांदा खाल्लं. लाल कडू आहे, मामा. गोड ते पांढरं.”

त्यांनी कोयता पाण्यातून काढला, पायजम्याला पुसला आणि पायरीवर ठेवला. ओरडले असते तर मी माफी मागितली असती, सगळं सोपं झालं असतं. ते उठले. उरलेल्या वेलावरून एक शिराळं तोडलं, ढिगातून एक उचललं. दोन्हीच्या चकत्या केल्या आणि तळहातावर माझ्यापुढे धरल्या. हाताला मातीचा वास येत होता. मग माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले,

“खरा हांग.”

सोळा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी घरच्या बोलीत बोलले. ना अहो, ना जावईबापू. मी दोन्ही चकत्या खाल्ल्या, सावकाश, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काही न बोलता. लाल वेलाची आधी बरी वाटली, मग घशाशी कडवटपणा चढला. दुसरीचं नुसतं गोड पाणी.

“ढिगातलं,” मी म्हणालो. “ढिगातलं गोड.”

मामा पुन्हा पायरीवर बसले. “ते तिचं बी होतं,” ते म्हणाले. “तिनं फडक्यात राख घालून बांधून ठेवलेलं. शेवटच्या सहा बिया होत्या, त्यातला हा एकच वेल जगला. लाल माझं. ती गेल्यावर मी माझ्या मनानं राखलेलं.”

मी ढिगातली एक दांडी उचलून उगाच मांडवाला टेकवून पाहिली.

“तुम्ही लाल म्हणालात, तेव्हा वाटलं, तिचं बी बिघडलं असणार,” ते पुढे म्हणाले. “मनाला पटत नव्हतं. पाच वेळा विचारलं.”

“पण मामा, तुम्ही स्वतः एक चकती तोंडात टाकली असती तर...”

“मला चव लागत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी ताप आलेला, त्यात गेली. भात काय नि भुसा काय.”

बिनसाखरेचा चहा मला तेव्हा आठवला. आणि बुधवारही. लेक नर्स आहे, तिला कळलं तर ती डॉक्टरांकडे फिरवेल, म्हणून ते ती घरात नसताना येत. गावात कोणाला चाखायला द्यावं, तर म्हाताऱ्याची जीभ गेली हे बाजारभर होणार, मग त्यांच्या हातची भाजी घेणार कोण?

“पण मलाच का विचारलंत?” मी म्हणालो. मला खरोखर कळत नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मला विचारलं नसतं.

मामा हसले. त्या हसण्यात राग नव्हता, तेच मला जड गेलं. “तुमच्या लग्नात, याच वाडीत मांडव होता. वालाची भाजी तिनं केलेली. तीनशे माणूस जेवून उठलं, ‘छान, छान’ म्हणालं. तुम्ही नवरदेव, पाटावर बसून सगळ्यांदेखत म्हणालात, मीठ कमी आहे.”

मला ते आठवत होतं. आमच्या आईनं तेव्हा मला पाटाखालून चिमटा काढला होता.

“मीठ कमीच होतं. ती घालायला विसरलेली. आम्हाला राग आला तुमचा. ती मात्र रात्री म्हणाली, या माणसाला बोलायची रीत नाही, पण जीभ खरी आहे. माझ्या मागे काही अडलं तर याला विचारा.”

आयुष्यात पाहुण्यांदेखत मी एकदाच उद्धटपणा केला होता आणि तेवढा एकच माझ्या खाती जमा होता. नंतर मी फक्त तारे देत राहिलो.

मग आम्ही दोघं मिळून ढीग उपसायला लागलो. त्यात कोवळी फळं पुष्कळ, पण कोवळ्या फळात बी नसतं, नुसता पांढरा भास असतो. बियाला जून फळ लागतं. मामांनी मान वर केली. वेलाची एक फांदी मांडव सोडून शेजारच्या शेवग्यावर चढली होती. तिथं पानांत, हाताला न लागल्यामुळे, एक शिराळं माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब वाढलं होतं. मामांनी आकडी लावली, मी खाली हात धरून उभा राहिलो. ते पडलं तेव्हा मी झेललं. ऑफिसात असं कुठलंही काम मी इतकं जपून केलेलं नाही.

मामांनी ते कानाशी नेऊन हलवलं. “अजून पंधरा दिवस वेलावर हवं होतं,” एवढंच म्हणाले आणि ते चुलीवरच्या दांडीला टांगलं.

बायकोला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. भाजीबद्दल ती रागावेल अशी माझी तयारी होती. ती त्यावर एक शब्द बोलली नाही. “मी रोज शंभर माणसांना विचारते, जेवण जातंय का,” ती म्हणाली, आणि ओट्याकडे तोंड करून रडली. दोन दिवस आमच्या घरात अबोला होता. त्या दोन दिवसांत स्वयंपाक मी केला. झुकिनी मात्र कचऱ्यात टाकली. ती अजूनही ताजी होती.

त्या फळातून सतरा बिया निघाल्या. त्यातल्या बारा पोकळ, आत नुसती हवा. पाच मामांनी या वर्षी लावल्या, दोन रुजल्या. त्यातला एक वेल गोगलगाईनं खाल्ला. ती माझ्यावर कधीचा डूख धरून असावी. उरला एक.

त्या एकाचं पहिलं शिराळं मामा घेऊन आले ते रविवारी, लेक घरात असताना. आता ते डॉक्टरांकडेही जातात, तिच्या धाकानं. चव अजून आलेली नाही. भाजी मी केली, समोरच्या वहिनींनी दारात उभं राहून सांगितली तशी. हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं, बस. चार पानं वाढली. वहिनींनाही बसवलं होतं.

मामांनी घास घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते. बायकोही बघत होती. जणू त्या एका वेलावर अख्खी वाडी उभी होती. मी घास घेतला आणि सावकाश चावला.

“खरा हांग,” मामा म्हणाले.

शिराळं तेच होतं. गोड, पाणीदार, पहाटेचं. पण मला खरंच सांगायचं होतं, सगळंच्या सगळं.

“शिराळं सासूबाईंचंच आहे, मामा,” मी म्हणालो. “पण मीठ कमी आहे.”

बायकोनं डोळे वटारले. वहिनींनी घास तोंडात टाकला आणि मान डोलावली, कमी होतं खरं. मामांनी ताटातलं मीठ चिमटीत घेतलं, माझ्या भाजीवर टाकलं, आणि मग पहिला घास घेतला. त्यांना काहीही लागलं नसणार. तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं.